जिमीच्या हृदयाचा कागद

८ जुलै १९०९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात एका बुलडॉगबद्दल प्रश्न विचारला गेला. विचारणारे होते वेल्समधले खासदार एलिस ग्रिफिथ आणि उत्तर द्यायचं होतं गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन यांना. तक्रार अशी होती: रॉयल सोसायटीच्या संध्याकाळच्या मेळाव्यात एका कुत्र्यावर सर्वांदेखत प्रयोग झाला. त्याच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचा चामडी पट्टा आवळला होता, पाय क्षाराच्या द्रावणाने भरलेल्या काचेच्या भांड्यांत बुडवले होते आणि त्या भांड्यांतून तारा काढून त्या विजेच्या यंत्राला जोडल्या होत्या. १८७६ च्या प्राणिक्रूरता कायद्याखाली यावर कारवाई व्हायला नको का?

ग्लॅडस्टन यांच्या उत्तराचा मतलब असा. गळ्यात होता तो पितळी खिळ्यांनी सजवलेला साधा चामडी पट्टा. पाय ज्यात होते ते पाणी होतं आणि त्यात थोडं खायचं मीठ टाकलेलं होतं. माननीय सदस्य कधी समुद्रात पाय बुडवून उभे राहिले असतील, तर कुत्र्याला काय वाटलं असेल ते त्यांना कळेल. कुत्र्याला बांधलं नव्हतं आणि त्याचं तोंडही आवळलं नव्हतं. सभागृह हसलं आणि विषय संपला.

कुत्र्याचं नाव जिमी. मालक डॉ. ऑगस्टस डिझिरे वॉलर, लंडन विद्यापीठाच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या शरीरक्रियाशास्त्र प्रयोगशाळेचे संचालक.

या जिमीशी माझा संबंध बडोद्यात, एका पशुवैद्याच्या टेबलाशी आला. आमची चिंगी म्हातारी पॉमेरेनियन. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप झिजून गळायला लागली आहे. डॉक्टरांनी तिला उजव्या कुशीवर निजवलं, पुढच्या पायांना कोपराजवळ आणि मागच्या पायांना गुडघ्याजवळ चिमटे लावले, चिमट्यांखालची लव स्पिरिटने ओली केली. यंत्रातून कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. पट्टीवरचे ठोके सारख्या अंतरावर नव्हते. तीन जवळजवळ, मग मोठी फट, पुन्हा दोन जवळजवळ. पाहून पोटात गोळा आला. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. निरोगी कुत्र्याचं हृदय श्वास आत घेताना भरभर आणि सोडताना सावकाश चालतं. हृदय निकामी होऊ लागलं की हा चढउतार जातो आणि ठोके घड्याळासारखे एकसारखे पडतात. ती पट्टी मी मागून घेतली. अशी पहिली पट्टी कुठल्या कुत्र्याची, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला. उत्तर शोधताना जिमी भेटला, आणि त्याच्याबद्दल जे सगळीकडे छापलं जातं त्यातलं बरंचसं मूळ कागदांशी जुळत नाही हेही दिसलं.

सगळीकडे छापलं जातं ते असं: १८८७ मध्ये वॉलर यांनी आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचा जगातला पहिला हृदयविद्युत-आलेख काढला. आता कागद पाहू. १८८७ चा वॉलर यांचा निबंध ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त आहे आणि त्याच्या मथळ्यातच माणूस आहे: हृदयाच्या ठोक्याबरोबर होणारे विद्युतबदल माणसावर दाखवून देणारा तो निबंध. वॉलर तेव्हा लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात शिकवत. त्यांच्या सुरुवातीच्या आलेखांशी नाव जोडलं जातं ते प्रयोगशाळेतल्या थॉमस गॉसवेल या सहायकाचं. साधन होतं लिपमनने १८७० च्या दशकात बनवलेलं केशनळीचं विद्युतमापक. त्यात काचेच्या बारीक नळीतला पारा विजेच्या बदलाबरोबर किंचित वरखाली होतो. त्या पाऱ्याची सावली छायाचित्राच्या काचेवर पाडायची आणि काच एका गतीने सरकवायची. ती सरकवण्यासाठी वॉलर यांनी खेळण्यातल्या आगगाडीचा डबा वापरला. आज दवाखान्यात सरकणाऱ्या कागदाची ती आजी.

म्हणजे पहिला मान माणसाचा. कुत्रा त्यानंतर लगेच येतो. १८८९ मध्ये बासल इथे शरीरक्रियाशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे वॉलर यांनी आपलं प्रात्यक्षिक करून दाखवलं आणि ते पाहणाऱ्यांत हॉलंडचा तरुण विलेम आइन्थोव्हेन होता. वॉलर अशी प्रात्यक्षिकं कुत्र्यावर करत, हे पुढच्या लेखकांनी नोंदवलं आहे आणि त्या कुत्र्याला ते बेधडक जिमी म्हणतात. इथे साधं वयाचं गणित आड येतं. बासलची परिषद १८८९ ची, पार्लमेंटातला प्रश्न १९०९ चा. मध्ये वीस वर्षं. बुलडॉग ही जात आठ-दहा वर्षांची सोबत देते; वीस वर्षांचा बुलडॉग रॉयल सोसायटीत ताठ उभा राहिला असेल यावर माझा विश्वास नाही. वॉलर यांची पत्नी अ‍ॅलिस ही रेडिंगच्या पामर बिस्किटवाल्यांची मुलगी. सेंट जॉन्स वुडमधल्या त्यांच्या ऐसपैस घरात बुलडॉगांचा राबता होता. म्हणून माझं मत असं, की सुरुवातीच्या वर्षांतला कुत्रा आणि १९०९ चा जिमी हे दोन वेगळे जीव असले पाहिजेत. आठवणींनी त्यांना एक करून टाकलं. जिमीबद्दल खात्रीने बोलायचं तर १९०९ बद्दलच बोलता येतं.

१९०९ चा पुरावा मात्र भक्कम आहे. मे महिन्यात रॉयल सोसायटीचा मेळावा झाला. २२ मेच्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने जिमीचं चित्र छापलं. एक पुढचा आणि एक मागचा पाय काचेच्या भांड्यांत, बाकीचे दोन टेबलावर. जुलैत पार्लमेंटातला प्रश्न आला. तीन ठिकाणचे, तीन हेतूंचे कागद एकाच घटनेकडे बोट दाखवतात. साधार इतिहास लिहिणाऱ्याला याहून जास्त क्वचितच मिळतं.

भांडण उरतं ते पट्ट्याचं. तक्रारीत तो टोकदार खिळ्यांचा, उत्तरात पितळी खिळ्यांनी सजवलेला. ग्रिफिथ यांना खोटं ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण त्या वर्षांतलं लंडन लक्षात घेतलं पाहिजे. फेब्रुवारी १९०३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस यांनी विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी टेरियरवर शस्त्रप्रयोग केला. लिझी लिंड-आफ-हागेबी आणि लायझा शार्टाऊ या दोन स्वीडिश विद्यार्थिनींनी तो पाहिला आणि कुत्र्याला नीट भूल दिलेली नव्हती असं लिहिलं. हा आरोप जाहीर सभेत मांडणाऱ्या स्टीफन कोलरिज यांच्यावर बेलिस यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि नोव्हेंबर १९०३ मध्ये तो जिंकला. २,००० पौंड भरपाई मिळाली. १९०६ मध्ये बॅटरसी भागात त्या तपकिरी कुत्र्याचा पुतळा उभा राहिला, १९०७ मध्ये वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी त्यावरून दंगल केली आणि मार्च १९१० मध्ये पालिकेने रातोरात पुतळा हलवला. जिमी पार्लमेंटात पोचला तो या आगीच्या मधोमध. पितळी खिळे कुणाला टोकदार दिसले असतील तर त्यामागे तो तपकिरी टेरियर होता. आणि ज्यांनी तो प्रश्न विचारला त्यांचा मला आदर वाटतो. मुक्या जनावराच्या वतीने सरकारला उत्तर द्यायला लावणं ही काही छोटी गोष्ट नव्हे.

याच प्रकरणातला एक धागा हृदयाशी येऊन मिळतो. हेच बेलिस आणि त्यांचे मेहुणे अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९२ च्या सुमारास केशनळीच्या त्याच यंत्राने सस्तन प्राण्यांच्या हृदयाचा अभ्यास केला आणि एका ठोक्यात तीन वेगळे विद्युतबदल होतात हे दाखवलं. आज चिंगीच्या पट्टीवर दिसणारे उंचवटे वाचण्याची ती एक पायरी. ज्या शास्त्राच्या आधारावर तिचा इलाज चालतो, त्याच्या मुळाशी शांत उभा राहिलेला जिमी आहे तसा तो तपकिरी टेरियरही आहे. एकाचं नाव राहिलं, दुसऱ्याचा नुसता रंग राहिला.

पण जिमीला त्रास झाला नाही, हे ग्लॅडस्टन यांच्या शब्दावर का मानायचं? मंत्री सरकारची बाजू सावरणारच. या ठिकाणी मला कागदापेक्षा यंत्राची साक्ष मोलाची वाटते. हृदयाची वीज अगदी क्षीण असते. अंगावरचा कुठलाही स्नायू थरथरला की त्याची वीज तिच्यात मिसळते आणि आलेखाची रेघ काट्याकुट्यांची होते. घाबरलेल्या, ओढाताण करणाऱ्या, धापा टाकणाऱ्या कुत्र्याचा आलेख वाचताच येत नाही. चिंगीच्या वेळीही पहिला तुकडा टाकून द्यावा लागला, कारण ती कापत होती. मी तिच्या मानेवर हात ठेवून बसल्यावर, तिने मान टेकल्यावर रेघ स्वच्छ आली. पाहुण्यांसमोर आलेख काढून दाखवायचा तर वॉलर यांना शांत उभा राहणारा कुत्राच हवा होता. दुखवलेल्या कुत्र्यावर हा प्रयोग जमलाच नसता. मीठही याचसाठी, पाण्यातून वीज नीट जावी म्हणून. हा निष्कर्ष कुणाच्या सभ्यतेवर अवलंबून नाही, म्हणून मी तो पक्का धरते.

जिमीचा कागद मला एवढा मोलाचा का वाटतो, ते आपल्याकडच्या एका कुत्र्याशेजारी त्याला ठेवल्यावर नीट कळतं. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांचा कुत्रा खंड्या. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला, आणि पालखीचा तो सरंजाम पुढेही चालू ठेवला गेला, असं ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे. एका प्रसंगी महाराजांनी कुत्र्याला जरतारी वस्त्रं आणि जवाहीर घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, हीही नोंद तिथेच आहे. डफला हे सगळं लहरीपणाचं वाटलं. मला नाही वाटत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी खंड्याची समाधी दाखवतात. एका राजाने एका जनावराचं ऋण सरकारी दप्तरात मान्य केलं, याचा मला अभिमान आहे. तरीही ही सारी नोंद मालकाने काय दिलं याची आहे. खंड्या म्हातारपणी दमत होता का, रात्री खोकत होता का, हे सनदेत मावत नाही. जिमीचा आलेख दुसऱ्या जातीचा दस्तऐवज आहे. तो कुत्र्याच्या हृदयानेच लिहिला.

आणि तरी पुढची चाळीस वर्षं त्या हृदयाला त्याचा फायदा झाला नाही. जिमी प्रयोगात होता तो माणसाच्या हृदयाचा नमुना म्हणून. आइन्थोव्हेनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तारेचं विद्युतमापक बनवलं. यंत्राचं वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसं. वॉलर स्वतः १९११ मध्ये म्हणाले होते, की रुग्णालयांत या तंत्राचा फार मोठा वापर होईल असं त्यांना वाटत नाही. ते १९२२ मध्ये गेले, आइन्थोव्हेनला १९२४ मध्ये नोबेल मिळालं, आणि वापर किती झाला ते आपण रोज पाहतो. माणसांच्या दवाखान्यात.

जनावरांकडे हे तंत्र हळूहळू परतलं, तेही आधी घोड्याकडे, कारण घोड्यावर फौजा चालत. जर्मनीत योहानेस न्योर याने पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर घोड्यांचे आलेख काढले. कुत्र्याच्या आलेखावर स्वतंत्र मोठा अभ्यास यायला १९४९ साल उजाडलं: स्टॉकहोममधला निल्स लान्नेक याचा प्रबंध. पुढे फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात डेव्हिड डेटवायलर आणि डोनाल्ड पॅटरसन यांनी दारात येणाऱ्या कुत्र्यांची छाती पद्धतशीर तपासली आणि १९६५ मध्ये कुत्र्यांत कोणते हृदयविकार किती आढळतात याचा आढावा छापला. मला या आढाव्याचं मोल फार वाटतं. इथे कुत्रा रोगी म्हणून नोंदला गेला. तो कुणाच्या तरी घरून आलेला होता आणि तपासून परत घरी जाणार होता.

त्याच रुग्णालयातल्या जेम्स ब्यूकॅनन यांनी १९६८ मध्ये कुत्र्याला बसवलेल्या पेसमेकरचा वृत्तांत छापला. १९९० मध्ये त्यांनी दाखवलं की काही बुलडॉगांत हृदयाला रक्त पुरवणारी धमनी जन्मतः चुकीच्या वाटेने जाते आणि फुप्फुसाकडे जाणारा मार्ग आवळते. जिमीच्याच जातीचा हा दोष. १९९५ मध्ये त्यांनी आणि ब्यूखेलर यांनी एक साधी मोजपट्टी दिली, ती आज बडोद्यातही रोज वापरली जाते: क्ष-किरण चित्रात हृदयाची लांबी आणि रुंदी मोजायची आणि ती त्याच कुत्र्याच्या पाठीच्या मणक्यांत सांगायची. चिहुआहुआ असो की ग्रेट डेन, माप ज्याचं त्याच्या अंगातलं. त्यांनी तपासलेल्या १०० निरोगी कुत्र्यांची सरासरी ९.७ मणके निघाली. लहान जातींत झडपेचा विकार असेल आणि माप १०.५ च्या पुढे गेलं, की हृदय मोठं झालं असं धरतात.

झडप झिजण्याचा हा विकार कुत्र्यांच्या हृदयरोगांत सगळ्यांत जास्त आढळतो आणि त्यात लहान चणीची, म्हातारी कुत्री जास्त सापडतात. वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. डॉक्टरांच्या कानाला फक्त ठोक्यांमधली फुसफुस ऐकू येते. या मधल्या काळात औषध द्यावं की थांबावं, यावर डॉक्टरांत एकमत नव्हतं. त्याचा निकाल २०१६ मध्ये छापलेल्या ‘एपिक’ या अभ्यासाने लावला. ११ देशांतली ३६० कुत्री, सगळी घरातली पाळीव. हृदय मोठं झालेलं, पण त्रास अजून सुरू नाही. निम्म्यांना पिमोबेंडन हे औषध, निम्म्यांना नुसती औषध नसलेली गोळी. हृदय निकामी होण्यापर्यंतचा किंवा हृदयविकाराने मृत्यू होण्यापर्यंतचा मध्यक काळ औषधवाल्यांत १,२२८ दिवस, दुसऱ्या गटात ७६६. फरक एवढा स्पष्ट दिसला की अभ्यास ठरल्याआधीच थांबवण्यात आला. सुमारे पंधरा महिने. माणसाला हा आकडा छोटा वाटेल. ज्या जिवाचं सारं आयुष्य बारा-चौदा वर्षांचं, त्याला हे पंधरा महिने म्हणजे एक उन्हाळा, एक पावसाळा, एक नवरात्र, एक उत्तरायण, आणि पुन्हा एकदा येणारा उन्हाळा.

या अभ्यासातल्या कुत्र्यांना सकाळ-संध्याकाळ गोळी दिली ती त्यांच्या घरच्यांनी. पुरावा प्रयोगशाळेच्या टेबलावरून घरात आला तो असा. आणि आमच्या घरात तो एका शंभर पानी वहीत आला आहे. डॉक्टरांनी सांगितलं, झोपेतले श्वास मोजा. छाती एकदा वर आणि एकदा खाली म्हणजे एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. गाढ झोपेत मिनिटाला ३० च्या आत हवेत. एखाद्या रात्री वाढले तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. वाढलेलेच राहिले तर सकाळची वाट पाहू नका, फोन करा. फुप्फुसात पाणी साठायला लागलं की पहिली बातमी श्वासातून येते. खोकला, मलूल होणं, भोवळ येऊन पडणं हे बहुधा नंतर.

बडोद्यात हे मोजणं मे महिन्यात अवघड होतं. पारा चाळिशीच्या पुढे असतो, कुत्रं जीभ काढून धापा टाकतं आणि ती धाप रोगाची की उन्हाची हे कळत नाही. म्हणून आम्ही पहाटे मोजतो, फरशी गार असते तेव्हा. वहीत तारीख, वेळ, आकडा, आणि शेवटच्या रकान्यात एक-दोन शब्द: पंखा बंद होता, जिना चढली, समोरच्या गच्चीवर फटाके, पाहुण्यांनी फरसाण दिलं. शेवटची नोंद घरात सगळ्यांनी वाचावी म्हणून मी लाल शाईने लिहिते. हृदय थकलेल्या कुत्र्याच्या अंगात मीठ पाणी धरून ठेवतं. पापड, लोणचं, शेव, लिलो चिवडा यातलं काहीच तिच्या तोंडी जाता कामा नये, आणि बडोद्यातल्या घरी हे सांभाळणं फार कठीण. आजीला समजावणं सगळ्यांत कठीण. “एवढंसं दिलं तर काय होतंय गं तिला?” असं त्या म्हणतात, आणि त्यांच्या त्या म्हणण्यात मायाच असते. आता त्या वही वाचतात आणि गोळी गिळवताना गोडीगुलाबीने तिला जवळ घेऊन बसतात.

तपासणीला जाताना मी वही नेते. डॉक्टर आधी ती चाळतात, मग छातीला नळी लावतात. लघवी वाढवणाऱ्या गोळीचं प्रमाण कमी-जास्त करताना त्यांना त्या आकड्यांचा उपयोग होतो, कारण दवाखान्यात चिंगी घाबरलेली असते आणि तिथला श्वास तिचा खरा श्वास नसतो. जिमी दोन भांड्यांत पाय ठेवून निवांत उभा राहिला म्हणून त्याची रेघ वाचता आली. चिंगीचं निवांतपण फक्त घरात असतं, म्हणून ते टिपण्याचं काम घरच्यांचं.

बडोद्यापासून जवळच, आणंदला, १९६४ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मुंबईत परळला १८८६ पासून आहे. तिथे शिकलेली माणसं आज आपल्या गल्लीत दवाखाने चालवतात आणि त्यांच्याकडे आलेख, क्ष-किरण, सोनोग्राफी यांची सोय वाढते आहे. तुमच्या घरात सात-आठ वर्षांचं पॉमेरेनियन, स्पिट्झ किंवा कुठलंही लहान कुत्रं असेल, तर ते धडधाकट दिसत असलं तरी वर्षातून एकदा त्याची छाती नळीने तपासून घ्या. फुसफुस ऐकू आली तर घाबरू नका, पण पुढची तपासणी टाळूही नका. माणसांची हृदयाची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका आणि सुरू केलेली गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. आणि आज रात्रीच एक वही घ्या. तारीख, वेळ, श्वास, एवढंच लिहा, आणि पुढच्या वेळी ती डॉक्टरांच्या हातात द्या.